आगीच्या फोटोची उरलेली बाजू

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, वर्तमानपत्राचा निवृत्त छायाचित्रकार, माझ्या पश्चात काय कोणाला द्यावे हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला स्वतःला मात्र मंगळवारपासून तशी खात्री वाटत नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. जन्मभर मी न्हाणीघर डार्करूम म्हणून अडवले, तिने ब्र काढला नाही. काढला, पण दाराबाहेरून.

२. ज्या संपादकांनी "वाचकच व्हिडिओ पाठवतात की!" म्हणत आमचा फोटो विभाग बंद केला, त्यांना माझ्या कॅमेऱ्याची तिपाई. ताठ उभे राहणे म्हणजे काय, ते घरबसल्या कळेल.

३. दोन्ही कॅमेरे मुलीला. ती ऑनलाइन बातम्यांचे व्हिडिओ करते. "बाबा, फोटो बघायला आता थांबतंय कोण?" म्हणाली, तेव्हा मी आठवडाभर अबोला धरला होता. मंगळवारी तिनेच मोबाइल पुढे केला. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या कोणीतरी जुन्या कॅसेटमधली, सव्वीस वर्षांपूर्वीची बाजारातली आग इंटरनेटवर टाकली होती. बारा मिनिटे.

त्या आगीचा माझा एकच फोटो गाजला. खांद्यावर शिलाई मशीन घेऊन पळणारा माणूस. उपसंपादकाने विचारले, "हा काय करतोय?" मी म्हणालो, "मशीन घेऊन पळतोय." खोटे काहीच नव्हते. मथळा आला, 'आगीतही लूट'. मला पदक मिळाले, त्याची नोकरी गेली.

व्हिडिओत तो तीनदा आगीत शिरतो आणि एकेक मशीन आणून रस्त्यापलीकडे बसलेल्या, दुकान जळत असलेल्या शिंपीणबाईंपुढे ठेवतो. मूळ निगेटिव्ह काढून उजेडात धरली. डाव्या कडेला बाईंचे पुढे केलेले दोन्ही हात स्पष्ट आहेत. फ्रेम बिघडते म्हणून प्रिंट काढताना मीच ते कापले होते. मीच! अजून विश्वास बसत नाही.

४. पदक ते देणाऱ्या संस्थेला परत करावे. निगेटिव्ह मुलीकडे राहील. माझ्या निधनाच्या बातमीत माझा चेहरा नको, हा फोटो न कापता द्यावा. आणि पोरी, तुझ्या व्हिडिओलाही कडा असतात. बटण दाबण्याआधी काय झालं, ते विचारत जा.

५. गुरुवारी त्या माणसाला शोधून काढले. सायकली दुरुस्त करतो. माफी मागितली, या मृत्युपत्रात त्याच्या नावे काही ठेवतो म्हणालो. हातातला पाना खाली न ठेवता तो म्हणाला, "तुमचं काही नको. माझी आई जाईपर्यंत विचारत होती, खरं सांग, उचललं होतंस का?"

त्याच्या नावे काहीही ठेवलेले नाही. म्हणूनच कायद्याने तो साक्षीदार होऊ शकतो, असे वकील म्हणाले. मी विचारले, तो आला.

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख : १४ मार्च २०२५

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार :
१. (सही) शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक
२. (सही) फोटोतला माणूस. आधी सगळं वाचलं, मग सही केली.