काळेकाकूंच्या किल्ल्या

मंगळवार, २७ एप्रिल २०२१

आज चर्चच्या मुलांना ऑनलाइन वर्गात जुन्या काळी संत झालेल्या एका बिशपांची गोष्ट सांगायची होती. प्लेग आला तेव्हा राज्यपाल पळाला, बिशप मात्र शहरातच राहिले. चैनीत रमलेल्या धर्मगुरूंना त्यांनी आधीच शिस्त लावली होती. आता महालातले पडदे उतरवून गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. आजाऱ्यांच्या घरांत स्वतः गेले. हे शेवटचं वाक्य मी सकाळीच वहीत लिहून ठेवलं होतं.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या काळेकाकूंना पेज द्यायला गेले. एकट्याच राहतात, पाच दिवस ताप आहे. डबा दाराशी ठेवला, तर आतून आवाज आला.

"लीना, आत येतेस का गं? नुसती बस. भीती वाटतेय."

"काकू, घरी रेमंडना दमा आहे. मी इथेच उभी राहते ना."

"अच्छा, राहू दे. बिल्कुल बरोबर आहे तुझं."

बरोबर आहे? ह्यांचा दमा खरा आहे. पण मला स्वतःलाच भीती वाटत होती, तेही खरंच.

चारच्या वर्गात त्या वाक्यापाशी आले, पण ते वाचलं नाही. नेटवर्क गेलं असं सांगून लॅपटॉप मिटला.

सहाला ॲम्ब्युलन्स आली. करोल बागेतल्या हॉस्पिटलात कसाबसा बेड मिळालाय. स्ट्रेचरवरून काकूंनी घराच्या किल्ल्या माझ्यापुढे धरल्या. माझा हात पुढे झालाच नाही. त्यांना ते कळलं. शेवटी त्यांनीच त्या माझ्या चपलांच्या रॅकवर टाकल्या.

त्या गेल्यावर मी किल्ल्यांवर दोनदा सॅनिटायझर मारलं आणि मगच उचलल्या.