खाजणात रुतलेली दुपार

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आले आहे. डोंबिवलीच्या या घरात दुपारी फारसं कुणी नसतं. पाय दुखतात म्हणून पडून राहते, आणि मग ठाण्याच्या खाडीवरची ती दुपार आठवते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही नौपाड्यातल्या तुमच्या शाळेच्या सहा मुली, अकरा-बारा वर्षांच्या, आणि तुम्ही आम्हाला मीठ कसं पिकतं ते दाखवायला मिठागरावर नेलं होतंत. परतताना तुम्ही बजावलंत, "बांध सोडून कुणी खाली उतरायचं नाही. खालचा चिखल वरून सुकलेला दिसतो, तसा तो नाही." मी सगळ्यांच्या मागे होते. खाली एक पांढरा शंख दिसला आणि मी उतरले.

तिसऱ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत गेला. चिखल गार होता आणि त्याने पाय चहूबाजूंनी धरून ठेवला होता. मी ओरडले. तुम्ही वळलात, आणि क्षणभरही न थांबता खाली आलात. माझ्यापासून दोन हातांवर तुम्हीही रुतलात. बांधावर पाच मुली रडतायत, आपण दोघी कमरेपर्यंत आत, आणि तिवरांच्या मुळांतून भरतीचं पाणी हळूहळू पुढे सरकतंय. तुम्ही पदर सोडलात, निऱ्या ओढल्यात, आणि अख्खं पातळ चिखलातून उपसून काढलंत. एक टोक माझ्या काखांखालून बांधलंत, दुसरं पिळून बांधावर फेकलंत. मुली ओढू लागल्या, पण जी ती आपापल्या वेळी. मला नुसते हिसके बसत होते. पाणी पोटाला लागलं.

तेवढ्यात मिठागरावर काम करणारी एक बाई धावत आली. पाण्याचं दार अडवायची फळी तिने चिखलावर टाकली आणि स्वतः त्यावर पालथी पडून माझ्यापर्यंत सरकली. "हालू नुको गो पोरी," ती म्हणाली, "जेवरी हालशील तेवरी खाली जाशील. फलीवर आंग टाक." ती हातांनी माझ्या पायाभोवतीचा चिखल उकरू लागली. आणि तुम्ही, बाई, छातीशी पाणी आलेलं असताना, वर्गात सांगावं तसं मुलींना सांगितलंत, "बाराचा पाढा म्हणा. मोठ्याने. प्रत्येक आकड्याला सगळ्यांनी एकदम ओढायचं." बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. बारा पंचे साठला माझा डावा पाय सुटला. उजव्याचा घोटा मुरगळला, पण तोही निघाला. मग पातळ तुमच्याकडे गेलं, मी त्या पाच जणींच्या मागे उभी राहिले, आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तुम्हाला काढायला तो चार वेळा म्हणावा लागला. पाणी तुमच्या हनुवटीला टेकलं होतं.

त्या बाईने तुम्हाला आपल्या खोपीतलं कोरडं लुगडं नेसवलं. मी तुमच्या पायाशी वाकले, "बाई, तुम्ही मला वाचवलंत," म्हणाले, तर तुम्ही मला उठवून जरा रागानेच बोललात. "मी कसली वाचवते? मी पण अडकलेच होते. तुला ओढायला किती हात होते ते मोज, आणि त्या प्रत्येकीला जाऊन सांग." मी एकेका मैत्रिणीपुढे गेले. शेवटी त्या बाईच्या पाया पडायला वाकले तर ती मागे सरकली. "आमच्या पाया कवा कोन परतं?" म्हणाली आणि हसली. तुम्ही म्हणालात, "पडू दे तिला."

पण घरी पोहोचले तेव्हा वडील दारात उभे होते. परकर चिखलाने भरलेला, पाय सुजलेला. त्यांनी विचारलं, "खाली कशाला उतरलीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंनी उतरायला सांगितलं." एवढंच वाक्य. त्यांनी शाळेला पत्र लिहिलं. चारचौघांत पातळ सोडलंत, हेही कुणीतरी त्यात जोडलं. तुम्हाला बोलावून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणे इतकंच म्हणालात, "मुली माझ्या जबाबदारीवर होत्या." दिवाळीनंतर तुम्ही कल्याणच्या एका शाळेत गेलात. मी रोज ठरवायची, आज वडिलांना खरं सांगायचं. रोज ते जेवायला बसायचे आणि मी त्यांचं ताट वाढून आत निघून जायची. त्या चिखलातून मला सात जणींनी काढलं. या वाक्यातून काढायला कुणी येणार नव्हतं, कारण मी आत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. वडील गेले ते तुम्हाला दोष देतच गेले.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही मला भाजीबाजारात भेटलात. केस पांढरे झाले होते. तुम्ही मला लगेच ओळखलंत आणि विचारलंत, "घोटा त्रास देतो का गं अजून?" मी म्हटलं, "नाही, बाई." तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि उभ्या राहिलात. आज मला वाटतं, मी काहीतरी बोलेन म्हणून तुम्ही थांबला होतात. मी म्हटलं, "येते हं, घरी वाट बघतायत."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. त्या दिवशी घरी कुणीच वाट बघत नव्हतं, बाई.