करीला अख्खी मांडी

रवि. ५ जाने.
मन्यानं पाठवलेला खोका आज उघडला. दिवाळीपासून पडून होता. आत काळी गोल शेगडी, तीन पाय, वर घुमटासारखं झाकण. एक पाय आधी उलटाच लावला. बंगलोरहून फोनवर चिरंजीव: "बाबा, यात बकऱ्याची अख्खी मांडी होते. तीन तास. झाकण उघडायचं नाही, बस." तिथं बसून सांगायला काय जातं. अख्खी मांडी खाणार कोण, हे त्यानं विचारलं नाही.

बुध. ८
तालीम. अख्खी कोंबडी. सवयीनं, बाफल्यांचे कणकेचे गोळे भाजायला पेटवतो तसे शेणाचे कंडे, म्हणजे गोवऱ्या, पेटवले आणि वर झाकण ठेवलं. उघड्यावर तो धूर निघून जातो, इथं सगळा कोंडला. कोंबडीला गोठ्याचा वास. मांजरानंही तोंड फिरवलं. सुधा, मन्याची आई, असती तर आठवडाभर हसली असती. एकट्यानं हसायला काही मजा येत नाही.

शुक्र. १०
आता लाकडी कोळसे. निखारे दोन्ही कडांना, मधे पाण्याचं ताट, वर कोंबडी. बरी झाली, पण झाकण सात वेळा उघडलं. धीर नाही मला. कधीच नव्हता. थोरले भाऊ, दादा, धारहून निघालेत हे ठाऊक असून मी सुधाला अग्नी दिला. लोक घाई करत होते, पण हो म्हणणारा मीच. दादा पोचले तेव्हा चिता अर्धी जळालेली. "थांबला असतास," एवढंच म्हणाले. धाकट्या बहिणीसारखी होती ती त्यांना. तीन वर्षं झाली, दादांचं इथं देवासला पाऊल नाही.

सोम. १३
परवा कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. आमच्यात करीचं मटण अंगणात, पुरुषांनीच रांधायचं, आणि मांडीवर पहिली सुरी थोरल्याची. म्हणून मांडी घ्यायला गेलो. खाटीक अख्खी मांडी उचलून म्हणाला, "पूरी रान? कित्ते जने हो भिया?" "आठ-दस," म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.
मग धारला फोन. वहिनींनी घेतला. "दादांना म्हणावं, सुरी लावायला या." मागचा टीव्ही एकदम बंद झाला. म्हणजे दादा तिथंच. "सांगते हो," म्हणाल्या वहिनी.

मंगळ. १४
संक्रांत. मांडीला चिरा देऊन दही, आलं-लसूण, कच्ची पपई चोळून ठेवली. शेजारच्या काकू तिळगूळ देऊन गेल्या. धारहून काही नाही. दर वेळी फोन वाजला की हात पुसत धावतो, वाईट सवय.

बुध. १५
साडेनऊला मांडी चढवली. झाकणाला हात नाही लावला. साडेबाराला उतरवली, हाड हलवलं तर मोकळं. खरंच जमली. मन्याला फोटो, त्याचा अंगठा आला.
१ वा. वहिनींचा फोन: "पोचले का हो? सकाळी आठलाच निघालेत. तुम्हाला कळवू नको म्हणाले होते. मोबाइल इथंच राहिलाय."
तीन तासांचा रस्ता, मधे इंदूरला बस बदलायची. स्टँडवर दोनदा जाऊन आलो. इंदूरच्या सगळ्या गाड्या बघितल्या.
५ वा. नाहीत. इंदूरहून माघारी फिरले? की काही झालं? वहिनी दर अर्ध्या तासानं विचारतात, मी तेच सांगतो.
काकू म्हणाल्या, दोन घास खाऊन घ्या, गार होतंय. गार झालंच आहे. भूकही आहे. पण कापणार नाही. एकदा थांबलो नाही, तेवढं पुरे झालं.