पालथा कप

कळमनुरी, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

सकाळीच आम्ही पुण्याहून परतलो, पण कालचा तो कप डोक्यातून जाईना.

तिथली नावाजलेली कॉफीची दुकानं बघायची हौस माझी. बाबांना मीच ओढत नेलं. तिसऱ्या दुकानात फेसावर पान काढलेली कॉफी आली. बाबा लेकरासारखे खूश. पिऊन उठले अन् कप घेऊन थेट काउंटरवर! "बाई, नळ कुठं हाय? कप धुऊन ठेवतो." तिथली पोरगी हसली. मीपण हसले. काहून हसले मी?

बाहेर आल्यावर म्हणाले, "सवय हाय गं. गावच्या हॉटेलात आपल्या लोकायचा कप निराळा राहायचा. आपणच धुवायचा, बाहेर पालथा ठेवायचा."

असं चालायचं हे ऐकून होते, पण बाबांसोबत? एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलले न्हाईत.

आत्ता त्यांना चहा दिला. प्याले, कप धुतला, मोरीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. रोजच ठेवतात, मला कळतं तेव्हापासून. अन् आम्ही आल्यागेल्याला कौतुकानं सांगत आलो, आमचे बाबा फार टापटिपीचे.