पुढच्या डाव्या चाकाची पिन

१४ मार्च, बुधवार

भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. तुम्ही बरे असाल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ठीक नाही, तर कशाला लिहू.

हे पत्र तुमच्या दादांच्या सांगण्यावरून लिहितेय. यांचा हात आता पेन धरला की थरथरतो. गंमत बघा, चिमटा धरला की थरथरत नाही. केसाएवढी तार प्लास्टिकच्या इंजिनात खुपसतात तेव्हा दगडासारखा स्थिर. डॉक्टर म्हणाले हृदय दमलंय. जिने चढू नका, प्रवास करू नका, कुणावर चिडू नका. मी म्हटलं, तिसरं मला सांगा, या घरात चिडायचं खातं माझ्याकडे आहे.

तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षांत यांनी बेचाळीस गाड्या जोडल्या. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या लहान प्रती, खोक्यात सुट्या भागांत येतात त्या. तुम्हा दोघांचं गॅरेज बंद केलं तेव्हा मला वाटलं माणूस खाटेला लागतो, तर लागला या खेळण्यांना. मी बोलायचं ते बोललेच. "साठी आली, अजून गाड्या गाड्या खेळताय." ते म्हणायचे, "खेळत नाही, बरोबर करतो." बरोबर हा त्यांचा शब्द. खोक्यातल्या सातच्या आकड्याचं शेपूट चुकलंय, मग तो फेकून स्वतः रंगवायचा. खऱ्या गाडीचे टायर झिजलेले होते म्हणून कोरे करकरीत टायर पॉलिशपेपरनं घासत बसायचं. मागच्या खोलीत कपाटभर काचेआड उभ्या आहेत. धूळ पुसायची मी, आणि एकीचा आरसा मोडला तर आठवडाभर तोंड पाडून बसायचे ते.

गेली दोन वर्षं एकच गाडी चालू आहे. ती. हिरवी, एका सीटची, चाकं उघडी. आपल्या पोरानं शेवटची चालवली ती.

खोक्यातला आकडा दुसराच होता, यांनी त्याचा आकडा घातला. त्या दिवशी डाव्या अंगाला ओरखडा होता, तो आहे. सीटचा फाटका कोपरा मी शिवून दिला होता, तो टाकासुद्धा आहे. त्यासाठी माझ्याकडून बारीक सुई मागून घेतली. सगळी गाडी झाली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी अडली. तीन चाकांच्या नटांना, ते फिरून सुटू नयेत म्हणून भोकातून आडव्या घालतात त्या पिना लावल्या. चौथी पिन, तांदळाच्या कणीएवढी, बाटलीच्या झाकणात पडून. "त्या दिवशी होती तशी करायची," म्हणत सहा आठवडे नुसते बसून. शेवटी तुम्हाला ते पत्र धाडलं. दोन ओळी लिहायला दोन दिवस लागले. पिन लावली होतीस की नव्हतीस, एवढंच खरं सांग.

शुक्रवारी तुमचं उत्तर आलं. "दादा, नव्हती. मी विसरलो. माफ कर." यांनी उभ्यानं वाचलं, मग बसले आणि रडले. पोराला पोचवून आल्यावरही असे रडले नव्हते. मला म्हणाले, "बघ, शेवटी बोलला. मला एवढंच हवं होतं." आणि सांगितलं, लिही त्याला:

झालं ते झालं, तुला माफ केलं, ये.

लिहिलं. त्यांचं काम झालं. आता माझं.

तुम्ही खोटं का लिहिलंत?

तुम्ही पिन लावली होती. आदल्या संध्याकाळी, चारही चाकांना, आपल्या हातानं. अपघाताच्या चौकशीत सांगून सांगून तुमचा घसा सुकला, पण कुणी मानलं नाही, कारण भोक स्वच्छ होतं. पिन तुटली असती तर तुकडा अडकला असता. म्हणजे बसवलेलीच नव्हती, आणि बसवायचं काम तुमचं. यांनी चारचौघांत तुमची कॉलर धरली, "माझं पोर मारलंस" म्हणाले. मी शेजारीच उभी होते.

थकून लिहिलंत, हे मला कळतं. भाऊ जायच्या आत एकदा भेटावा म्हणून माणूस काहीही कबूल करील. की एवढी वर्षं सगळे म्हणाले म्हणून तुम्हालाही तसंच वाटायला लागलं? तसं असेल तर ते जास्त वाईट. म्हणून सांगते.

पिन माझ्याकडे आहे.

गॅरेजचा कायदा तुम्हाला सांगायला नको, तुम्ही दोघांनीच केलेला. काढलेली पिन खाली ठेवायची नाही, टेबलावर ठेवायची नाही, ज्यानं काढली त्याच्याच खिशात. चालताना टोचते, म्हणजे विसरत नाही. पोर नाक पुसायच्या वयापासून हे ऐकत आलं.

त्याची पँट शर्यतीच्या तिथल्या खोलीत खुंटीला होती. शर्यतीचा पोशाख घालायला त्यानं ती उतरवली होती. ती घरी आली, तो गेल्याच्या आठव्या दिवशी मी धुवायला घेतली आणि उजव्या खिशात हाताला टोचलं.

म्हणजे सकाळी नट तपासायला त्यानंच काढली होती.

त्याच दिवशी तुम्ही खाली सामान बांधत होतात. ट्रंक ओढल्याचा आवाज मला वर येत होता. चौदा पायऱ्या उतरले असते तर तिथंच संपलं होतं. उतरले नाही. मेलेल्या पोराच्या माथी त्याचंच मरण कसं मारू? आणि खरंच लिहायचं तर, शिव्या घालायला मला कुणीतरी हवं होतं. तुम्ही जिवंत होतात. तेवढाच तुमचा गुन्हा.

पिन शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवली. यांनी टाक्यासाठी सुई मागितली तेव्हा डबा त्यांच्या हातात दिला नाही, सुई काढून दिली.

पत्र आज टाकत नाही. आधी यांना सांगते. तुम्हाला चोरून कळवलं तर ते पुन्हा तसलंच काम होईल.


१६ मार्च, शुक्रवार

काल सकाळी सांगितलं. चहा झाला, ते टेबलाशी बसले, तेव्हा पिन त्यांच्या भिंगाखाली ठेवली. म्हटलं, ही त्याच्या खिशात होती. भाऊजींनी लावली होती, त्यानं काढली.

मला वाटलं माणूस जागच्या जागी जातो. तर त्यांनी पट्टी घेतली आणि पिन मोजली. मग झाकणातली बारकी मोजली. हाताची सवय, दुसरं काय. मग विचारलं,

"कुठला खिसा?"

"उजवा."

"कधी सापडली?"

"आठव्या दिवशी."

"अकरा वर्षं झाली."

"हो."

गाडीकडे बघत राहिले. तिच्या त्या चाकाला पिन नाहीच. तुमच्या खोट्यानं जी गाडी होते तीच माझ्या खऱ्यानंही होते, एक तार इकडची तिकडे होत नाही. दोन वर्षं खपून सगळं बरोबर केलं आणि त्यातून काहीच कळत नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं मला. मला वाईट वाटलं नाही असं नाही.

मग म्हणाले, "चाक अर्धं सोडून उठणारा नव्हता तो. पिन काढली की नट बघायचा, पिन लावायचा, मगच पाणी प्यायचा. त्याला कुणीतरी उठवलं."

मी गप्प बसले की काहीतरी बिनसलंय हे शेंबडं पोरही ओळखेल. ते खुर्चीत वळले.

भाऊजी, हे मी बुधवारी तुम्हालाही लिहिलं नाही. पिन सापडली आणि मग कळलं, असं लिहिलं. पण सापडायच्या आधीच मला ठाऊक होतं. त्या सकाळी मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. तुम्ही त्या वेळी गाडीच्या मालकांशी बोलत पलीकडे उभे होतात. तो चाकापाशी उकिडवा बसलेला. म्हणाला, "आई, एक मिनिट." मी म्हटलं, "तुझं एक मिनिट मला पाठ आहे. अर्धा तास उभी आहे, डबा गार झाला. उठतोस की येऊ तिकडे?" हसला आणि उठला. खिशात काहीतरी टाकताना मी बघितलं, काय ते विचारलं नाही. त्याला जेवायला बसवलं. "आई, घास तरी चावू देशील का," म्हणाला. जेवला, कपडे बदलले, गाडीत बसला. तिसऱ्या फेरीत चाक सुटलं.

हे सगळं यांना सांगितलं. विचारलं, "ओरडून बोलावलंस?"

मी म्हटलं, "माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे."

त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. ताट पुढ्यात ठेवलं तर जेवतात, उचललं तर उचलू देतात. आज सकाळी मात्र म्हणाले, "त्या पत्रातलं माफीचं वाक्य खोड." वर काट मारलेली दिसतेय ती ओळ तीच. त्या जागी काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "लिही, मी येतोय. माफी मला मागायचीय."

आणि ते येतील. बूट काढून पुसून ठेवलेत. सात तासांचा रस्ता, मध्ये गाडी बदलायची, आणि इथे न्हाणीघरापर्यंत गेले तरी भिंत धरतात. डॉक्टरांना सांगितलं तर ते माझ्यावरच खेकसले. माझ्या अडवण्यानं हे थांबायचे नाहीत. कालपासून या घरात माझ्या शब्दाला वजन नाही, आणि ते योग्यच आहे. सोमवारी पहाटेची गाडी धरायची म्हणतात.

फोनवर मला हे सांगवलं नसतं. तुमच्या कारखान्यात माल आणणारा ट्रकवाला इथूनच जातो, त्याच्या हाती हे देतेय. उद्या तुम्हाला मिळेल. वाचलंत की निघा. ते घराबाहेर पडायच्या आत या. त्यांना वाटेत काही झालं तर तुमची भेट नाही, त्यांची माफी नाही, कुणाचंच काही नाही.

मला जे सुनवायचं असेल ते दारातच सुनवा, आत त्यांच्यासमोर नको, त्यांना झेपायचं नाही. अकरा वर्षांचं साठलं असेल. घाई करू नका. मी उभी राहून सगळं ऐकेन, मध्ये तोंड घालणार नाही.

तुमची वहिनी असं लिहायला घेतलं होतं, लिहवलं नाही.

तुमच्या पुतण्याची आई