वरातीतला मधला तुकडा

पप्पा, तुमच्या धाकटीचं नाव झालंय आणि माझा नुसता जळफळाट होतोय. घरात हे कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

आम्ही दोघं बहीणभाऊ अंबडला एका बंद गाळ्यात इलेक्ट्रो वाजवतो. म्हणजे मशिनवरचं, जड ठोक्यांचं संगीत. एकमेकांना कळवून जमणारी मोजकीच मंडळी ऐकतात ते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गिरणी चालू हाय का रे?" घाम गाळून मी ते उभं केलं. आणि हिनं गंमत म्हणून तुमचा जुना कॅसिओ काढला, एकटीचा साइड प्रोजेक्ट सुरू केला. वरातीत एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत म्हणून तुम्ही मधे स्वतःच्या मनानं रचलेला एक तुकडा वाजवायचात ना, तोच तिनं घेतलाय. खाली टुणटुणता ठोका, वर तुमची ती खट्याळ चाल. परवा गाळ्यातली पोरं ती गुणगुणत बाहेर पडली. माझं आजवर कुणी काही गुणगुणलेलं नाही.

तिला तो पाठ असणारच. सिन्नरकडच्या वरातींत ती बँडच्या गाडीवर तुमच्या शेजारी बसायची आणि मी मागून जनरेटर ढकलायचो. "तुझ्या बोटान्ला लय घाई हाय, तू वायरी सांभाळ," म्हणाला होतात. अजून सलतं ते. पण वरातीत तो तुकडा कधी पुरा व्हायचा नाही, पुढचं गाणं सुरू व्हायचं. पुरा फक्त मी ऐकलाय. मला ताप आहे, शाळा बुडलीय, आई कामावर गेलीय, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर कॅसिओ ठेवून माझ्यासाठी वाजवताय, शेवटाशी येऊन डोळा मारताय. तेवढं एक माझ्या एकट्याचं.

गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, "दादा, पप्पा याचा शेवट कसा करायचे रे?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

ती हिरमुसलीसुद्धा नाही. माझ्यासमोरच तिनं आपल्या मनानं शेवट केला आणि म्हणाली, "असाच असेल." मी मान डोलावली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. एवढंच सांगतो, आज सकाळी चहा ठेवताना तुमचा शेवट गुणगुणायला गेलो, तर तोंडात तिचाच आला. दिवसभर आठवून बघतोय. तुमचा येत नाहीये.