हॉरेस टनिक्लिफला काहीही नाही

मी, मॉड ऑर्गिल, अविवाहित, वय त्र्याहत्तर, राहणार हॉर्निंगलो रस्ता, बर्टन-ऑन-ट्रेंट, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला घ्यावा लागला, कारण गेल्या महिन्यात एका वृद्धाश्रमाच्या जेवणघरात मी जे केले त्यावरून काही लोक मला भ्रमिष्ट म्हणू लागले आहेत. मी भ्रमिष्ट नाही, मी संतापलेली आहे. हा फरक कायद्याला कळतो, असे माझे वकील मिस्टर आर्चबोल्ड सांगतात.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मिस्टर आर्चबोल्ड यांनी मला एक पानी मसुदा करून दिला होता. कोणाला काय द्यायचे ते त्यात होते, पण का द्यायचे ते नव्हते. म्हणून मी हा कागद नव्याने लिहायला घेतला. 'एवढे लिहायची गरज नाही, मिस ऑर्गिल,' असे ते दोनदा म्हणाले. गरज कोणाची आहे ते मी ठरवीन.

१. स्टेशनजवळचे माझे चहाचे दुकान बंद झाले असले तरी त्यातली तांब्याची मोठी किटली, टोस्ट उभे करायच्या जाळ्या आणि न फुटलेल्या कपबशा हे सारे ग्लॅडिस सॉल्ट हिला द्यावे. ती माझ्याकडे कामाला लागली तेव्हा तिला पाव कापता येत नव्हता आणि सोडून गेली तेव्हा ती मला पाव कापायला शिकवत होती. तिच्यात एकच खोट आहे. ती पावावर मार्माइट आधी लावते आणि लोणी नंतर.

माझ्या दुकानात एक नियम होता. मार्माइट आवडत नसेल तर खाऊ नका, बशी बाजूला सारा, पण दुसऱ्याच्या बशीकडे पाहून तोंड वाकडे करू नका. पुष्कळांना तो नियम गमतीचा वाटे. तो गमतीचा नव्हता.

२. माझे वडील बीअरची लाकडी पिंपे बांधत. त्यांची हत्यारे परसातल्या खोलीत तेल लावून ठेवली आहेत. गावात अजून कोणी हाताने पिंप बांधणारा उरला असेल तर त्याला ती द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवणाऱ्याला देऊ नयेत.

३. या कलमात मी काही देत नाही. पुढची कलमे समजावीत म्हणून लिहिते.

वकिलांच्या मते दस्तऐवजात वारंवार येणाऱ्या वस्तूची व्याख्या हवी. तर मार्माइट म्हणजे बीअर झाल्यावर जे यीस्ट उरते त्याचा आटवलेला अर्क: काळा, खारट, डिंकासारखा चिकट, पावावर अगदी पुसट लावून खायचा. तो आमच्या गावात होतो. वारा फिरला की सगळ्या गावाला त्याचा वास येतो. ज्याला तो वास नको त्याने डर्बीला जाऊन राहावे.

माझी धाकटी बहीण एलेनॉर, जिला सगळे नेली म्हणत, हिला लहानपणापासून मार्माइटचे वेड. आई बरणी वरच्या फळीवर ठेवी, आणि नेली खुर्चीवर खुर्ची चढवून ती काढी. बोटे चाटून झाली की हात पाठीमागे धरून उभी राहायची, तोंडाभोवती काळे तसेच.

ती हॉरेस टनिक्लिफशी लग्न करून गेली तेव्हा तिने मार्माइट सोडले. हॉरेस एका बीअरच्या कारखान्याच्या कचेरीत कारकून होता. त्याची कॉलर पांढरीशुभ्र असे आणि रविवारी तो चर्चमध्ये दानपेटी फिरवी. त्याला त्या वासाचा तिटकारा होता. कारण मला नेलीनेच सांगितले. त्याचे वडील उरलेल्या यीस्टची पिंपे गाडीवर घालून वाहत. रोज अंगाला तो वास घेऊन घरी येत, आणि शाळेतली पोरे हॉरेसला 'आंबट्या' म्हणत. त्या मुलाची मला दया येते. त्या मुलाने मोठेपणी जे केले त्यापायी मात्र मी त्याला आजवर क्षमा केलेली नाही.

सन १९३५ च्या शरदात नेलीला दिवस राहिलेले होते. ती पांढरीफटक दिसू लागली. जिना चढू लागली की अर्ध्यावर बसे. डॉक्टर फेअरब्रदर यांनी तपासून सांगितले की रक्त पातळ झाले आहे, अशा बायकांना रोज कलेजी द्यावी, नाहीतर चमचे भरून मार्माइट द्यावे. नव्यानेच कळले आहे, पण गुण येतो. कलेजी तिच्या पोटात ठरेना. मी त्याच संध्याकाळी मोठी बरणी घेऊन तिच्या घरी गेले.

हॉरेसने बरणी माझ्या हातातून घेतली, परसात गेला आणि राखेच्या डब्यात टाकून आला. हात धुतले, मग बोलला.

"ती घाण या घरात यायची नाही."

मी म्हणाले की डॉक्टरांनी सांगितले आहे.

"डॉक्टर उद्या शेण खायला सांगेल. माझ्या घरात काय शिजायचं, काय खायचं, ते मी ठरवतो. ज्याला पटत नसेल त्याने यायचं नाही."

मी पुढच्या वेळी बरणी विणकामाच्या पिशवीत, लोकरीखाली लपवून नेली. तो कचेरीत असताना नेली ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चमच्याने खाई. दोन आठवड्यांत तिच्या ओठांना रंग आला. ती मला दारापर्यंत पोचवायला आली आणि गाणे गुणगुणत परत गेली, ते मी फाटकापाशी उभी राहून ऐकले.

मग एका रात्री जेवताना त्याला तिच्या श्वासाला वास आला. त्याने तिला उठवून चूळ भरायला लावली. बरणी शोधून काढली. त्यानंतर तो वेगळ्या खोलीत झोपू लागला आणि तिच्याशी बोलेनासा झाला. मी तिसरी बरणी नेली तेव्हा तिने ती घेतली नाही.

"नको गं ताई. त्यांना सहन होत नाही."

"आणि तुला काय सहन होतंय ते?"

"घरात शांतता असली की मला बरं वाटतं. खरंच. बाळ झाल्यावर खाईन की."

मी हॉरेसच्या कचेरीत गेले. त्याच्या साहेबासमोर त्याला सांगितले की तू बायकोला मारतो आहेस. शिपायाने मला बाहेर काढले. घरी त्याने नेलीला बजावले की तुझ्या बहिणीला दार उघडलेस तर तूही तिच्याबरोबर जा. तिने दार उघडले नाही. मी दारातल्या, पत्रे टाकायच्या फटीतून हाक मारी आणि ती पलीकडून म्हणे, "मी ठीक आहे, तू जा, शेजारी बघतायत."

फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. रक्त थांबले नाही. धडधाकट बाईने ते सोसले असते, हिच्या अंगात जायला तेवढे रक्तच नव्हते, असे डॉक्टर फेअरब्रदर मला जिन्यात म्हणाले, आणि टोपी घालायची विसरून तसेच निघून गेले. दफनाच्या वेळी हॉरेस सगळ्यांशी हात मिळवत म्हणत होता की देवाची इच्छा.

देवाने बरणी राखेत टाकली नव्हती.

४. दफनाच्या दुसऱ्या दिवशी हॉरेसने ते मूल शालीत गुंडाळून माझ्या दुकानात आणले. त्याला नोकरी होती, मूल सांभाळणे जमणार नव्हते. दोन वर्षांत त्याने दुसरे लग्न केले. पुढे तो नाताळला एक भेटकार्ड धाडी, त्यावर त्याच्या दुसऱ्या बायकोचे अक्षर असे. माझ्या दुकानात त्याला कधी चहा मिळाला नाही. एकदा पावसात तो दारापर्यंत आला होता. मी त्याला उभा भिजत ठेवला असे गावात बोलतात. ते खरे आहे.

त्या मुलीचे नाव ऊना. मी तिला वाढवले. तिला मार्माइट अजिबात आवडत नाही. पहिल्यांदा दिले तेव्हा तिने ते माझ्या एप्रनवर थुंकले आणि मी पुन्हा कधी तिच्या बशीत घातले नाही. आवडनिवड ज्याची त्याची असते. आवडीनिवडीपायी कोणाचा जीव जाता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गेल्या महिन्यात ऊनाने मला सांगितले की ती वर्षभर दर गुरुवारी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात बापाला भेटायला जाते. मग तिने, मला बरे वाटावे म्हणून की काय कोण जाणे, सांगितले की तो आता रोज टोस्टवर मार्माइट खातो आणि मिळाले नाही तर रुसतो. मी कोट घातला आणि म्हटले, मला दाखव.

तो खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. गळ्याला रुमाल बांधलेला. टोस्टच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. ओठांच्या कडांना काळे लागले होते. त्याचे डोके गेले आहे असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. आदल्या शनिवारच्या फुटबॉल सामन्यात गोल कोणी केले ते तो शेजारच्या म्हाताऱ्याला समजावत होता. त्याने मला पाहताच ओळखले आणि बसायला समोरची खुर्ची दाखवली.

"हॉरेस, काय खातोस?"

"मार्माइट." त्याने बशी माझ्याकडे जरा सरकवली. "इथं आल्यावर पहिल्यांदा चाखलं. झकास लागतं, मॉड."

"आधी कधीच चाखलं नव्हतंस?"

"कधीच नाही. नुसत्या वासावरूनच नाक मुरडत राहिलो बघ."

मी म्हणाले, "नेलीला हवं होतं."

"हो," तो म्हणाला, "तिला फार आवडायचं." आणि त्याने पुढची पट्टी उचलून तोंडात घातली.

मी बशी उचलून त्याच्या मांडीवर पालथी केली. मग दुधाचा जग ओतला. मग टेबलावरची मार्माइटची बरणी घेतली, पण तेवढ्यात मुख्य परिचारिकेने माझा दंड धरला. मला तिथे पुन्हा जायला मनाई आहे. त्या संस्थेचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मला खेदही वाटत नाही.

सबब: हॉरेस टनिक्लिफ याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्याने काही मागितलेले नाही. तरीही लेखी असावे.

५. माझे राहते घर, त्यातले सामान आणि पोस्टातली सारी बचत माझी भाची ऊना हिला मिळावी.

या कलमाचा पहिला मसुदा वेगळा होता. त्यात एक अट होती. ऊनाने बापाला भेटणे बंद करावे आणि तो गेल्यावर त्याला नेलीच्या शेजारी, जिथे त्याने स्वतःसाठी जागा घेऊन ठेवली आहे, तिथे पुरू देऊ नये. अट मोडल्यास घर विकून पैसे अनाथ मुलांना. मिस्टर आर्चबोल्ड म्हणाले की अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. मला कोर्टाची पर्वा नव्हती.

मी तो मसुदा ऊनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मावशी, आईचा मला चेहरासुद्धा माहीत नाही. बाप म्हणून उरलाय तो हा एवढाच, टोस्ट खाणारा म्हातारा. त्याने काय केलं ते मला माहीत आहे, तूच सांगितलंस, हजारदा. तरी मी जाते."

मी विचारले की हे तुला जमते तरी कसे.

"ते मलाही सांगता येणार नाही. पण घर दे किंवा देऊ नकोस. राग मात्र मला वारशात देऊ नकोस."

मी तिच्यावर ओरडले. ती भांडी घासून निघून गेली, दार न आपटता. मी रात्रभर तो कागद पुढ्यात घेऊन बसले, आणि मग मला ते वाक्य ऐकू आले, माझ्याच अक्षरात लिहिलेले: अमुक केलेस तर हे घर तुझे नाही. हे मी पूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकले आहे.

म्हणून घर ऊनाला, विनाअट. तिने तिथे कोणाला बोलवावे, काय खावे, कोणाच्या तोंडाला कसला वास यावा, हे तिचे तिने पाहावे. गुरुवारी ती जिथे जाते तिथे जावे. मला ते मान्य नाही, मरेपर्यंत मान्य होणार नाही, आणि त्याचा या दानाशी काही संबंध नाही.

६. मला स्टेपनहिलच्या दफनभूमीत नेलीच्या दुसऱ्या अंगाला पुरावे. ती जागा मी पूर्वीच घेतली आहे. नेलीच्या दगडावर तिच्या नवऱ्याचा हक्क आहे, तिथे 'लाडकी पत्नी' लिहिले आहे, ते मला खोडता येत नाही. माझ्या दगडावर हक्क माझा आहे. त्याचा खर्च बचतीतून आधी वजा करावा, म्हणजे ऊनाला तो राग वाहून न्यावा लागणार नाही. तो दगडाने वाहावा. दगड पायवाटेकडे तोंड करून बसवावा. त्या वाटेवरून चाकाची खुर्ची जाते, मी जाऊन पाहिले आहे. अक्षरे मोठी कोरावीत, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येतील अशी.

दगडावरचा मजकूर मिस्टर आर्चबोल्ड यांनी तपासला आहे. त्यात कोणाचे नाव घेऊन आरोप नाही.

मॉड ऑर्गिल
नेलीची बहीण
तिला जगायला जे लागत होते
ते या गावात प्रत्येक दुकानात मिळत होते

'शांततेत विसावली' असे कोणी खाली जोडू नये. मी विसावलेली नसेन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस्टर आर्चबोल्ड यांनी करावी.

सही: मॉड ऑर्गिल

वर सही करणाऱ्या बाईंनी आम्हां दोघांच्या समोर सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आम्हां दोघांना यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार: पर्सी गिलिव्हर, प्लंबर, शेजारी
साक्षीदार: एनिड टून, ग्रंथपाल

बर्टन-ऑन-ट्रेंट, स्टॅफर्डशायर
दिनांक १५ मार्च १९७९, गुरुवार